जिवंत झाडाची साल नको: नाशिकच्या आर्ट क्लासवाल्यांना आणि वर्कशॉप घेणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

नाशकात जे कोणी चित्रकलेचे क्लास चालवतात, शनिवार-रविवार त्र्यंबक रोडला नाहीतर गंगापूर धरणाच्या बाजूला फार्महाऊसवर वर्कशॉप घेतात, सोसायटीत मुलांचे उन्हाळी कॅम्प लावतात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. तुमच्यातले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, काहींच्या मुलांना मी शिकवलंय, त्यामुळे लिहू की नको असं महिनाभर चाललं होतं पण आता गप्प बसवत नाहीये.

विषय झाडाच्या सालीवर चित्र काढण्याचा. गेली दोन-तीन वर्षं हे खूप वाढलंय, रील बघून लोक विचारायला येतात की तुमच्याकडे सालीवरचं शिकवतात का. मला त्याचा आनंदच होता कारण मी स्वतः बारा वर्षं सालीवर, नारळाच्या पोयीवर (म्हणजे फुलोऱ्यावरचं टणक आवरण), सुपारीच्या विरीवर (झावळीच्या बुडाचा रुंद भाग), हातकागदावर रंगवतेय आणि कॅनव्हासवर जे सापडत नाही ते मला तिथे सापडतं. सालीला स्वतःची रेघ असते, गाठ असते, कुठे भोक असतं, तुम्ही काढायला बसायच्या आधीच अर्धं चित्र तिथे असतं आणि आपण त्याच्या कलाने जायचं असतं. त्यामुळे हे बंद करा असं मी म्हणत नाहीये, उलट अजून करा. म्हणायचं एवढंच आहे की उभ्या जिवंत झाडाची साल काढू नका, कोणाला काढायला सांगू नका, आणि विकत घेताना ती कुठून आली ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता काय झालं ते सांगते. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता एका वर्कशॉपला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. टेबलावर पंचवीस तुकडे मांडून ठेवलेले, एकसारखे, साधारण ताटाएवढे, आणि आयोजक मोठ्या उत्साहाने म्हणाले की मॅडम एकदम फ्रेश आहेत, सकाळीच काढलेत. मी एक तुकडा हातात घेतला तर तो ओला, जड, आतून गुलाबीसर. पडलेली साल अशी नसते हो. पडलेली साल हलकी असते, कोरडी असते, कडेला मोडते. मी विचारलं कुठून आणली, तर म्हणाले मागे नाल्यावर झाडं आहेत. कार्यक्रम संपल्यावर गेले बघायला. अर्जुनसादड्याची दोन झाडं, चांगली जुनी, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत न मावणारी. एकाची साल गुडघ्यापासून छातीपर्यंत चारी बाजूंनी काढलेली, दुसऱ्याची अर्ध्या बाजूने. वर पानं हिरवीगार होती, म्हणून तिथला केअरटेकर मला सांगत होता की ताई झाडाला काही होत नाही बघा, साल परत येते.

येत नाही. चारी बाजूंनी काढली तर येत नाही. आणि हे मी नाशकात सांगतेय याचंच मला वाईट वाटतं कारण सालीचं महत्त्व आपल्या जिल्ह्याएवढं कोणाला कळायला पाहिजे? माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाचं. मणी फुगवायचे असले की वेलीला गर्डलिंग करतात, म्हणजे खोडाची साल गोल फिरवून दोन-तीन मिलिमीटरची बारीक रिंग काढतात. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जात असतं, तो रस्ता थोडे दिवस अडवला की ते वरच अडकतं आणि घडाला मिळतं. रिंग बारीक असते म्हणून काही आठवड्यात ती भरून येते. पण हीच रिंग जास्त रुंद झाली की काय होतं हे कुठल्याही बागाईतदाराला विचारा, तो सांगेल वेल गेली. अर्जुनाच्या झाडाला दोन फूट रुंद रिंग मारली होती. मुळं उपाशी मरतात, पण खालून पाणी वर चढणं चालू राहतं म्हणून पानं कितीतरी दिवस हिरवी दिसतात, आणि तेवढ्या काळात वर्कशॉपचे फोटो टाकून होतात, लोक विसरून जातात. ते पहिलं झाड या पावसाळ्यात शेंड्याकडून वाळायला लागलं.

मी पण धुतल्या तांदळासारखी नाहीये. पहिली चार-पाच वर्षं मी एका माणसाकडून साल विकत घ्यायचे, तो गठ्ठा आणून द्यायचा, मी पैसे द्यायचे, कुठली आहे हे मी एकदाही विचारलं नाही. त्यातले काही तुकडे जाड, ओलसर, कडेला सुरीची सरळ रेघ असलेले होते हे मला आता आठवतं. तेव्हा दिसत होतं पण मी बघितलं नाही.

कायद्याचं पण सांगून ठेवते, भीती घालायला नाही तर माहिती असावी म्हणून. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच झाड जाळणं, कापणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं येतं. म्हणजे बुंधा उभा आहे म्हणून आपण सुटलो असं नाही. तपोवनातल्या झाडांसाठी शहरात आंदोलन झालं तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पोस्टर रंगवले, मुलांना घेऊन गेलात, मला ते फार भारी वाटलं होतं. त्याच हातांनी हे होऊ नये असं मनापासून वाटतं.

आता तुम्ही म्हणाल की जगभर लोक झाडाची साल काढूनच चित्रं काढतात, ही तर पारंपरिक कला आहे. मला हे दोन-तीन जणांनी तोंडावर सांगितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला अर्नहेम लँडमध्ये तिथले मूळ रहिवासी स्ट्रिंगीबार्क नावाच्या झाडाच्या सालीवर चित्रं काढतात. ते झाड निलगिरीच्याच कुळातलं. साल जिवंत झाडाचीच काढतात, हे खरं आहे, पण कधी, तर पावसाच्या हंगामात, जेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल अलगद सुटते. मग बाहेरचा धागेदार भाग तासून काढायचा, आतली बाजू विस्तवावर शेकायची, दगड ठेवून सपाट करायची, आणि मग लाल-पिवळी माती, पांढरी माती आणि कोळसा यांनी रंगवायचं. बारीक रेघांसाठी माणसाच्या केसांचा ब्रश. कुठल्या घराण्याने कुठली नक्षी काढायची, कोणाच्या जमिनीचं चित्र कोणी काढायचं हे सगळं ठरलेलं असतं. १९६३ साली तिथल्या यिर्कला गावच्या योल्ङु लोकांची जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी घेतली तेव्हा त्यांनी संसदेला अर्ज पाठवला तो सालीवर. मधे टाईप केलेला कागद चिकटवलेला, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत, आणि चारी बाजूंनी त्यांच्या जमिनीची रंगवलेली चित्रं. ते अर्ज आजही कॅनबेराला संसद भवनात लावलेले आहेत. कोर्टात ते लोक १९७१ ला हरले, पण त्या सगळ्यातून पुढे १९७६ चा जमीन हक्कांचा कायदा आला. हे मी का सांगतेय? कारण त्यांच्यासाठी ती साल म्हणजे त्यांच्या जमिनीचाच तुकडा होता, जमीन आमची आहे हे सांगायला त्यांनी जमिनीवरचीच वस्तू पाठवली. आपण नाल्यावरच्या कोणाच्या तरी झाडाची साल काढून त्यावर मोर काढतो आणि सोफ्याच्या वर टांगतो. दोन्हीला परंपरा म्हणता येणार नाही.

युगांडाचं तर अजून वेगळं. तिथले बगांडा लोक मुटुबा नावाच्या झाडाच्या सालीपासून कापड करतात, युनेस्कोच्या यादीत आहे ते. पावसाळ्यात साल काढतात आणि लगेच उघड्या बुंध्याला केळीची पानं गुंडाळून बांधतात, म्हणजे खालचा कोवळा थर वाळत नाही आणि नवी साल धरते. एकच झाड वर्षानुवर्षं साल देत राहतं. पण त्यांचं ते पिढ्यांचं शिक्षण आहे, किती खोल कापायचं हे हाताला माहिती असतं, आणि झाड त्या जातीचं आहे. मुटुबा आपल्या वडा-उंबराच्या कुळातलं आहे, पण हे वाचून कृपा करून कोणी वडाला हात लावू नका.

आणि जिथे बाजार वाढला तिथे काय झालं ते मेक्सिकोत बघा. तिथे आमाते म्हणून सालीचा कागद असतो, पुएब्ला भागातल्या सान पाब्लितो गावात ओतोमी लोक साल उकळून, दगडाने ठोकून ठोकून तो बनवतात. १९६० च्या दशकात गेरेरो राज्यातल्या नाहुआ जमातीच्या चित्रकारांनी त्यावर पक्षी-फुलं, गावातले सण रंगवायला सुरुवात केली आणि पर्यटकांची एवढी मागणी आली की पूर्वी ज्या उंबरवर्गी झाडांची साल वापरायचे ती पुरेना. मग होनोते नावाच्या दुसऱ्या झाडाकडे वळावं लागलं. कलेला चांगले दिवस आले, चार पैसे मिळाले, ते मिळायलाच पाहिजेत, पण झाड बदलावं लागलं. आपल्याकडे हिमालयात भूर्जपत्राचं तेच. भूर्जाची साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटते, त्यावर शेकडो वर्षं पोथ्या लिहिल्या गेल्या, आणि आज गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना भोजवासा म्हणून जागा लागते तिथे नावात भोज आहे पण झाडं फारशी उरली नाहीत. सगळी काही पोथ्यांनी गेली नाहीत, सरपणाला पण गेली. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी त्या भागात परत भोजाची रोपं लावायचं काम घेतलं, किती वर्षांची मेहनत आहे ती.

बरं मग करायचं काय? इथे मला खूप सांगायचंय कारण नाशकात पडलेली साल एवढी आहे की आपल्याला कोणालाच चाकू लावायची गरज नाही.

सगळ्यात सोपी निलगिरीची. आपल्याकडची निलगिरी दरवर्षी आपणहून साल टाकते, लांब लांब पट्ट्या, खाली नुसता खच पडतो आणि लोक झाडून पेटवून देतात. कॅम्पसमध्ये, जुन्या रस्त्यांच्या कडेला, शेताच्या बांधाला कुठेही बघा. ती वाळली की गुंडाळी होते म्हणून लोक म्हणतात त्यावर काढता येत नाही. येतं. रात्रभर कोमट पाण्यात घालून ठेवा, पाणी लालसर-तपकिरी होईल ते फेकून दुसरं घाला, असं दोन-तीनदा करा, नाहीतर तोच डाग पुढे तुमच्या पांढऱ्या रंगातून वर येतो आणि मग वाटतं रंग खराब आहे. मऊ झाली की दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून वर पाटा-वरवंटा ठेवा, कागद रोज बदला, आठ-दहा दिवस सावलीतच वाळवा. उन्हात घाई केली की तडकणार. मग आतल्या गुळगुळीत बाजूला चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड याचे दोन पातळ हात द्या, ओडिशात पट्टचित्राचं कापड असंच तयार करतात, आणि गुळगुळीत दगडाने घोटा. मला तर कधीकधी खळ न लावता नुसती साल आवडते, पण मुलांसाठी खळ बरी.

रंगासाठी गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, तांदळाचं पीठ. बाभळीचा डिंक रात्री भिजवायचा आणि फडक्यातून गाळून घ्यायचा. डिंक जास्त झाला की रंगाला भेगा पडून पोपडे निघतात, कमी झाला की बोटाला भुकटी लागते, दोन-चार तुकडे वाया घालवल्याशिवाय हे कळत नाही आणि ते वाया घालवायला पडलेली साल फुकट आहे. एक सावधगिरी मात्र. आसाममध्ये अगरूच्या झाडाच्या सालीवर, सांचीपातावर, पोथ्या रंगवायचे, त्या सालीला उडदाचा लेप आणि हरताळ नावाचा पिवळा खनिज रंग लावायचे म्हणून कीड लागायची नाही. ते वाचून एका क्लासने मुलांना हरताळ आणून दिलेलं मी ऐकलंय. हरताळात आर्सेनिक असतं, विष आहे ते. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची आपल्याकडे पद्धत आहे ती पण लहान मुलांच्या हातात नको. त्यांच्यासाठी रोज ताजी खळ करा, उरली तर टाकून द्या, बस.

आणि आता जे मला खरं तर सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते, द्राक्षाच्या वेलीची साल. खोडावरची आणि ओलांड्यावरची (म्हणजे मांडवावर पसरलेल्या आडव्या फांद्यांवरची) जुनी साल सैल होऊन सुटलेली असते, तिच्याखाली मिलीबग नावाची पांढरी कीड लपते म्हणून शेतकरी स्वतःच ती सैल साल हाताने काढून टाकतात आणि जाळतात. एप्रिल छाटणीच्या दिवसात आमच्याकडे बांधावर ढीग लागतात. सुटलेलीच साल आहे, वेलीला काही इजा नाही, उलट फायदाच. ती पट्टीपट्टीची असते, थेट तिच्यावर चित्र होत नाही, पण तिचा कागद होतो. मी तीन वर्षं करून बघतेय. धुण्याच्या सोड्यात तीन-चार तास उकळायची, खूप धुवायची, कुटायची, आणि जुन्या सुती साड्या-धोतरांचा लगदा निम्म्याला निम्मा घालायचा, कारण नुसत्या सालीचा कागद ठिसूळ होतो. जाळीच्या चौकटीवर उचलला की तपकिरी, धागे दिसणारा असा कागद येतो की त्यावर गेरू आणि पांढरा एवढे दोनच रंग लावले तरी पुरतं. बागेवर औषधं मारलेली असतात हे विसरू नका, हातमोजे आणि मास्क घालूनच गोळा करा, पहिलं धुणं मोठ्यांनी करा आणि ते पाणी विहिरीजवळ टाकू नका. हातकागद आपल्याला नवीन नाही, जुन्नरचा कागद एकेकाळी प्रसिद्ध होता, वेरूळला जाता-येता दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा लागतं तिथे अजून हातकागद होतो, मुलांची ट्रिप वेरूळला नेता तेव्हा अर्धा तास तिथे थांबा ना.

शिवाय लाकडाच्या वखारीत ओंडक्यांची साल निघते ती सरपणाला जाते, वळवाच्या पावसात फांद्या पडतात, नारळाच्या पोयी मंदिरांच्या आणि बंगल्यांच्या मागे पडलेल्या असतात. आणि साल मिळालीच नाही तर? मग भिंत आहे की. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे कुडाच्या भिंतीला शेणमातीचा हात, वर गेरू आणि तांदळाच्या पिठाने बांबूच्या काडीने काढलेली चित्रं, याच्याइतका हाताने केलेला नैसर्गिक पृष्ठभाग दुसरा कुठला असेल? जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात वारली चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर आणलं तरी शेणाचा आणि गेरूचा हात वारली चित्रकारांनी सोडला नाही, आज पण कापड शेणाने सारवून त्यावर काढतात. मांजरपाटाचा तुकडा, शेण, गेरू, एवढ्यात तुमचं वर्कशॉप होतं. फक्त ते शिकवायला त्याच गावातल्या वारली चित्रकाराला बोलवा आणि नीट मानधन द्या, फी हजार-दीड हजार घेता त्यातून निघतं ते.

तुमच्याकडून माझं मागणं साधं आहे. वर्कशॉपच्या जाहिरातीत साल कुठून आली ते एका ओळीत लिहा. 'पडलेली निलगिरी, अमुक बांधावरून' एवढं पुरे. विकत घेत असाल तर ओली, जड, सुरीची सरळ कड असलेली साल परत करा आणि विकणाऱ्याला कारण सांगा, त्याला दोष देऊ नका, पडलेल्या सालीला तेवढाच भाव देतो म्हणा, तो तीच गोळा करून आणेल. आणि मुलांना एकदा तरी स्वतः साल वेचायला न्या. माझ्याकडची आठ वर्षांची एक मुलगी निलगिरीखाली तासभर एकच तुकडा शोधत होती, शेवटी हाताएवढी पट्टी मिळाली तिला, मधोमध भोक पडलेली, त्या भोकाचं तिने घुबडाचं घरटं केलं. टेबलावर पंचवीस एकसारखे तुकडे मांडले असते तर तिने पण मोरच काढला असता.

अर्जुनाच्या त्या दुसऱ्या झाडाला, ज्याची अर्धी साल शाबूत होती, त्याला आम्ही तेव्हाच बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावली होती. आयोजक स्वतः आले होते डबा घेऊन, हे मुद्दाम सांगते. परवा जाऊन बघून आले. जखमेच्या दोन्ही कडांनी नवीन साल जाड ओठासारखी आत सरकतेय, एका बाजूला दोन बोटं, दुसऱ्या बाजूला जेमतेम एक. केअरटेकरने बुंध्याभोवती आळं केलंय.

माझ्या गच्चीवर निलगिरीच्या सालीची दोन पोती भरलेली आहेत, भिजवून सपाट केलेले साधारण चाळीस तुकडे पण आहेत. ज्या क्लासला या सीझनला पहिल्यांदा असं करून बघायचंय त्यांनी ते घेऊन जा, पैसे नकोत. दिंडोरीहून द्राक्षाची साल छाटणीनंतर आणणार आहे, सोबत यायचं असेल तर पोती आणि हातमोजे तुमचे तुम्ही आणा, न्याहरी माझ्या वहिनीकडे.

तुमचीच,
पंचवटीतली एक चित्रकार